डार्क चॉकलेट रोज खावे का? रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांच्या संदर्भात माहिती हवी आहे

रामबागकर

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. गेली बारा वर्षे ते रक्तदाबाची गोळी घेत आहेत आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा त्यांचा आकडा मागच्या तपासणीत ६.२ आला, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहेत. दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाचीने त्यांना डार्क चॉकलेटचे चार बार आणून दिले. त्याच सुमारास त्यांच्या फोनवर एक मजकूर फिरत आला की डार्क चॉकलेटने रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात राहते, वजन घटते, स्मरणशक्ती सुधारते आणि हिमोग्लोबिनही वाढते. तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर शंभर ग्रॅमच्या बारचा अर्धा भाग ते नियमाने खातात, आणि आपण औषध घेत आहोत अशी त्यांची मनापासून समजूत आहे.

खरी काळजी मला मागच्या आठवड्यापासून वाटू लागली आहे. "आता रक्तदाबाची गोळी अर्धी केली तर चालेल का?" असे त्यांनी मला दोनदा विचारले. सकाळचे पोहे-जिलेबी आणि रविवारची सराफ्यावरची रबडी मात्र पूर्वीप्रमाणेच सुरू आहे. मला त्यांचा आनंद हिरावून घ्यायचा नाही. आयुष्यभर गोडाची आवड जपलेल्या माणसाला या वयात सगळेच बंद करा असे सांगणे मला पटत नाही आणि ते ऐकणारही नाहीत. परंतु यात खरे किती आणि फुगवलेले किती, हे त्यांना शांतपणे समजावून सांगता यावे इतकी खात्रीची माहिती मला हवी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आहारविद्या

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हाच प्रश्न मला आठवड्यातून निदान एकदा तरी विचारला जातो. सर्वांत आधी गोळीविषयी लिहिते, कारण बाकी सगळे त्यानंतरचे आहे. गोळी अर्धी करायची की नाही हे केवळ त्यांचे डॉक्टर ठरवतील, आणि तेही घरी नीट मोजलेल्या रक्तदाबाच्या नोंदी पाहून. चॉकलेट सुरू केले हे गोळी कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही. ते का, हे आकड्यांतून समजावले तर सासऱ्यांनाही पटेल असे मला वाटते.

कोकोच्या बियांत फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्ये असतात आणि त्यांतले एपिकॅटेचिन सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड तयार होत असते, त्याच्यामुळे वाहिनीची भिंत सैलावते आणि रक्ताला वाट मोकळी मिळते. फ्लॅव्हनॉलमुळे हे नायट्रिक ऑक्साइड अधिक उपलब्ध होते. हा परिणाम खरा आहे, प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेला आहे, म्हणून त्या संदेशाचा पाया पूर्णपणे खोटा आहे असे मी म्हणणार नाही. प्रश्न परिणाम किती मोठा आहे हा आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ३५ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत १,८०४ माणसे होती आणि बहुतेक निरोगी होती. दोन ते अठरा आठवडे कोकोचे पदार्थ घेतल्यावर वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे सरासरी १.७६ मिलिमीटरने उतरले. ज्यांचा रक्तदाब मुळातच जास्त होता त्यांच्यात वरचा आकडा साधारण ४ मिलिमीटरने कमी झाला. रक्तदाबाची एक नेहमीची गोळी वरचा आकडा सरासरी ९ मिलिमीटरच्या आसपास उतरवते आणि तो परिणाम रोज, विश्वासाने मिळतो. चॉकलेटच्या बाबतीत तशी हमी नाही, कारण त्या प्रयोगांत लोकांना रोज सरासरी ६७० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल दिलेले होते आणि बाजारातल्या एखाद्या बारमध्ये ते किती आहे हे वेष्टनावर बहुधा छापलेलेच नसते.

आता अर्ध्या बारचा हिशेब. सत्तर ते पंच्याऐंशी टक्के कोकोच्या शंभर ग्रॅम चॉकलेटमध्ये सुमारे ६०० कॅलरी, ४३ ग्रॅम स्निग्धांश आणि २४ ग्रॅम साखर असते. त्या स्निग्धांशातला जवळजवळ २४.५ ग्रॅम भाग संपृक्त असतो. म्हणजे सासऱ्यांच्या पोटात रोज रात्री सुमारे ३०० कॅलरी आणि १२ ग्रॅम साखर जाते, आणि ती जिलेबीच्या ऐवजी नव्हे तर जिलेबीच्या जोडीला जाते. कोकोबटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बीतल्या लोण्यात, एकूण स्निग्धांशाचा साधारण तिसरा हिस्सा ज्या स्टिअरिक आम्लाचा असतो ते वाईट कोलेस्टेरॉल फारसे वाढवत नाही, हे खरे आहे. परंतु कॅलरी त्याने कमी होत नाहीत. वजन वाढले की रक्तदाब वाढतो, आणि मग दोन मिलिमीटरचा लाभ कुठल्या कुठे जातो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पन्नास ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम कॅफिन आणि ४०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन हे कॅफिनच्याच जातीचे उत्तेजक द्रव्य असते. त्यांना अलीकडे झोप उशिरा लागते आहे का, हे जरूर विचारून पाहा.

सराफाकर

आहारविद्या ताईंचे विवेचन आवडले, पण माझी एक शंका आहे आणि ती मी गांभीर्यानेच मांडतो. चॉकलेटचे गुण सांगणाऱ्या संशोधनातला बराच भाग चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर उभा आहे असे वाचनात येते. मग त्यावर विश्वास कितपत ठेवावा? दुसरे असे की, वजन घटते हा दावा तर मी स्वतः वर्तमानपत्रात वाचलेला आहे. तो कुठून आला?

आहारविद्या

काका, वजनाच्या दाव्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने जर्मनीत काही सहकाऱ्यांसह मुद्दाम एक निकृष्ट प्रयोग केला. केवळ पंधरा माणसे घेतली, तीन आठवडे त्यांचा आहार बदलला, काहींना रोज डार्क चॉकलेट दिले आणि वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा अठरा गोष्टी मोजल्या. इतक्या थोड्या माणसांत इतक्या गोष्टी मोजल्या की एखादीत तरी निव्वळ योगायोगाने फरक दिसतोच, आणि तो वजनात दिसला. पैसे भरून छापणाऱ्या एका नियतकालिकाने निबंध स्वीकारला आणि अनेक देशांतल्या वृत्तपत्रांनी कसलीही चौकशी न करता बातमी छापली. त्यानंतर त्यांनी स्वतःच सगळा प्रकार जाहीर केला. आहारविषयक बातम्या किती सहज पसरतात हे त्यांना दाखवायचे होते. खुलासा मात्र मूळ बातमीइतका दूरवर कधीच पोहोचत नाही, आणि आपल्या फोनवर अजून ती मूळ बातमीच फिरत असते याचे मला फार वाईट वाटते.

कंपन्यांच्या पैशाविषयीची आपली शंका रास्त आहे. कोकोवरचा आजवरचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. कॉसमॉस या नावाने तो ओळखला जातो आणि त्याला मार्स या चॉकलेट कंपनीचेही साहाय्य होते. २१,४४२ ज्येष्ठ स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असलेल्या कोको-अर्काच्या कॅप्सूल दिल्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूल दिल्या. साडेतीन वर्षांहून अधिक काळ पाहणी करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि तत्सम घटनांची एकूण संख्या १० टक्क्यांनी कमी दिसली, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतपतच होता. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते, आणि तो या प्रयोगाचा मुख्य प्रश्न नव्हता, दुय्यम होता. कंपनीचे पैसे असूनही मुख्य निकाल असा अनिर्णित छापला गेला, हे मी त्या संशोधकांच्या बाजूने नोंदवते. याच प्रयोगाच्या एका शाखेत २,२६२ जणांची स्मरणशक्ती आणि आकलन तीन वर्षे तपासले गेले आणि कोको-अर्काचा काहीही उपयोग दिसला नाही. स्मरणशक्तीच्या दाव्याचे उत्तर त्यात आहे. आणि ताई, हे सगळे कॅप्सूलवरचे आहे, ज्यांत साखरही नव्हती आणि लोणीही नव्हते.

हिमोग्लोबिनविषयी थोडक्यात सांगते. शंभर ग्रॅममध्ये जवळजवळ १२ मिलिग्रॅम लोह असते, पण आपण वीस ग्रॅम खाल्ले तर अडीच मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि कोकोतले पॉलिफेनॉल, म्हणजे फ्लॅव्हनॉल ज्या गटात मोडतात ती द्रव्ये, तेवढेही नीट शोषले जाऊ देत नाहीत. लोह कमी असलेल्या मुलींना चॉकलेट देणे हा उपचार नव्हे.

होळकरी

मी निवृत्त रसायनशास्त्र अध्यापक आहे. एका मुद्द्यावर सविस्तर लिहावेसे वाटते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. वेष्टनावरची टक्केवारी म्हणजे फ्लॅव्हनॉलचे प्रमाण, असे लोक धरून चालतात. तसे मुळीच नाही. ८५ टक्के कोको याचा अर्थ बारच्या वजनापैकी ८५ टक्के भाग कोकोच्या बीपासून आलेला आहे, ज्यात कोकोबटरही धरलेले असते, आणि कोकोबटरमध्ये फ्लॅव्हनॉल जवळजवळ नसते. म्हणून टक्केवारीवरून साखर किती कमी आहे याचा अंदाज येतो, औषधी द्रव्याचा नाही.

फ्लॅव्हनॉल हे चंचल द्रव्य आहे. बी आंबवताना ते कमी होते, भाजताना आणखी कमी होते, आणि सर्वांत मोठा घाला क्षारप्रक्रियेत पडतो. १८२८ मध्ये हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन घराण्याने कोकोतले लोणी दाबून वेगळे काढण्याचे यंत्र आणले, आणि कोकोची चव सौम्य व्हावी, रंग गडद व्हावा आणि भुकटी दुधात नीट मिसळावी म्हणून तिला क्षाराची प्रक्रिया देण्याची पद्धतही त्याच घराण्याच्या नावाने ओळखली जाते. २००८ साली अमेरिकेत बाजारातल्या कोको भुकट्यांचे मापन झाले, त्याचे आकडे मी वर्गात नेहमी सांगत असे. प्रक्रिया न केलेल्या भुकटीत दर ग्रॅमला सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल होते, हलकी प्रक्रिया केलेल्या भुकटीत १३.८, मध्यम प्रक्रियेच्या भुकटीत ७.८ आणि तीव्र प्रक्रियेच्या भुकटीत अवघे ३.९. म्हणजे जी भुकटी सर्वांत काळीभोर आणि म्हणून सर्वांत 'डार्क' दिसते, तीच बहुधा सर्वांत रिकामी असते. आपल्याकडच्या वेष्टनावर 'अम्लता नियंत्रक' असे लिहून ५०० किंवा ५०१ हा क्रमांक दिलेला असेल तर ते सोडियम किंवा पोटॅशियम कार्बोनेट असते, आणि कोकोच्या पदार्थात ते दिसले की क्षारप्रक्रिया झालेली असण्याची दाट शक्यता धरावी.

नियामक संस्थांची भाषाही याच कारणाने सावध आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्यांची लवचीकता राखायला मदत करते, एवढेच मान्य केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये जो मर्यादित दावा छापू दिला, तो निदान ४ टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या विशेष कोको भुकटीपुरताच आहे. नेहमीची भुकटी किंवा चॉकलेटचा बार त्यात बसत नाही.

जाता जाता एक उपयोगी गोष्ट. आपल्याकडे केळे, दूध आणि कोको एकत्र घुसळून शेक करण्याची पद्धत आहे. केळ्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर भरपूर असते, ज्यामुळे कापलेले केळे काळे पडते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केळ्याच्या पेयाबरोबर फ्लॅव्हनॉल घेतल्यावर ते शरीरात ८४ टक्क्यांनी कमी पोहोचले. केळ्याचा शेक चवीसाठी अवश्य प्यावा, फक्त त्यातल्या कोकोकडून आरोग्याची अपेक्षा ठेवू नये.

कोकोगंध

होळकरी सर, आपला प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. मी सुदामानगरमध्ये घरीच चॉकलेट करते आणि सहा वर्षांत या मालाविषयी जे शिकले त्यातले थोडे इथे लिहिते. ताईंनी आधी बार उलटा करून घटकांची यादी वाचावी. पहिला घटक कोको मास किंवा कोको सॉलिड्स असावा. साखर पहिली असेल तर तो बार मिठाई समजावा. घटकांत पाम तेल किंवा हायड्रोजनित वनस्पती स्निग्धांश असेल तर ते बाजारात ज्याला 'कंपाउंड' म्हणतात ते आहे. लग्नसराईत आणि दिवाळीत सुंदर डब्यांतून जे हातचे चॉकलेट म्हणून विकले जाते, त्यातला पुष्कळसा माल कंपाउंड वितळवून साच्यात ओतलेला असतो. मीही पहिले वर्षभर तेच करत होते, कारण ते स्वस्त पडते आणि इंदूरच्या उन्हाळ्यात टिकते. ग्राहकांनी आरोग्यासाठी म्हणून ते विचारायला सुरुवात केली तेव्हा मला ते विकणे बरोबर वाटेना आणि मी खऱ्या कोकोबटरच्या मालाकडे वळले.

खरे कोकोबटर सुमारे ३४ अंशांना वितळते, म्हणूनच चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते, आणि म्हणूनच आपल्याकडे मे महिन्यात ते कपाटात टिकत नाही. वितळून पुन्हा घट्ट झाले की वर पांढुरकी साय धरते. ती बुरशी नसते, स्निग्धांश वर आलेला असतो, आणि खायला ते सुरक्षित असते. हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावे, कारण कोकोबटर आजूबाजूचा वास पटकन ओढून घेते.

आपल्या देशात केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशात नारळ-सुपारीच्या बागांत कोको पिकतो. शेंगेतल्या ताज्या गराची चव आंबटगोड असते आणि बी अत्यंत कडू व तुरट असते. तो तुरटपणाच सरांनी सांगितलेल्या द्रव्यांचा असतो. माझा अनुभव असा की, खऱ्या तुरट चॉकलेटचे दोन तुकडे खाल्ले की तिसरा नकोसा होतो. सासरे पन्नास ग्रॅम सहज संपवत असतील तर तो बार बराच गोड असावा, असे मला वाटते.

नर्मदातीर

मला दोनदा मूतखडा झाला आहे आणि दोन्ही वेळा तो कॅल्शियम ऑक्झलेटचा होता. कोकोत ऑक्झलेट भरपूर असते. दुसऱ्या वेळी मी सुद्धा हृदयासाठी म्हणून रोज डार्क चॉकलेट खात होतो आणि पाणी मात्र कमी पीत होतो. केवळ चॉकलेटमुळे खडा झाला असे मी म्हणणार नाही, पण डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितले. सासऱ्यांना पूर्वी खडा झाला असेल, किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर आधी विचारून घ्यावे. रात्री जेवणानंतर छातीत जळजळ होत असेल तर तेही चॉकलेटने वाढू शकते.

होळकरी

नर्मदातीर यांनी चांगला मुद्दा काढला, त्याला जोडून जड धातूंविषयी. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने २०२२ च्या डिसेंबरात डार्क चॉकलेटचे २८ बार तपासले. त्यांपैकी २३ बार असे निघाले की दिवसाला एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, खाल्ल्यास शिसे किंवा कॅडमियम कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादेबाहेर जाईल. ही मर्यादा शिशासाठी दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम आणि कॅडमियमसाठी ४.१ मायक्रोग्रॅम आहे. कॅडमियम झाडाच्या मुळांवाटे जमिनीतून येते. शिसे बहुतांशी नंतर, बी उघड्यावर वाळत असताना धुळीतून लागते. दोन्ही कोकोच्या भागात असल्याने टक्केवारी वाढली की तेही वाढण्याकडे कल असतो. एखाददुसऱ्या तुकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु रोज पन्नास ग्रॅम, तेही वर्षानुवर्षे एकाच कंपनीचे, हे मला योग्य वाटत नाही, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी कोकोगंध ताईंच्या सांगण्याप्रमाणे बार उलटून पाहिला. चारांपैकी दोन बारमध्ये साखर पहिल्या क्रमांकावर होती आणि त्यांवर ५०१ हा क्रमांकही होता. उरलेले दोन खरोखर ८५ टक्क्यांचे निघाले. आणखी एक शेवटचा प्रश्न असा की, साखर उंबरठ्यावर असलेल्या माणसाला थोडे चॉकलेट खरोखर उपयोगी पडते का? तसेही एका ठिकाणी वाचले.

आहारविद्या

आपण वाचले ते बहुधा २०२४ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासाविषयी असेल. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांची अनेक वर्षे पाहणी केली, तेव्हा आठवड्याला पाच किंवा अधिक वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले. दुधाच्या चॉकलेटबाबत तसे काही दिसले नाही, उलट त्याचा संबंध वजनवाढीशी दिसला. पण ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. डार्क चॉकलेट निवडणारी माणसे बाकीच्या सवयींतही वेगळी असू शकतात आणि तो फरक हिशेबातून पूर्णपणे वजा करता येत नाही. त्यामुळे ज्याला आवड नाही त्याने मधुमेह टाळण्यासाठी ते सुरू करावे, असे मी सांगत नाही. एपिकॅटेचिन चहात आणि सफरचंदातही असते.

सासऱ्यांसाठी माझा सल्ला असा की, दहा ते वीस ग्रॅम, दुपारच्या जेवणानंतर, आणि त्या दिवशी जिलेबी किंवा रबडी नाही. चॉकलेट एखाद्या गोड पदार्थाच्या जागी आले तरच त्याचा अर्थ आहे. काही ग्रॅम साखरेचा तुरट तुकडा आणि पाकात मुरलेली मावाबाटी यांत मी निःसंकोच तुकडा निवडायला सांगेन. रक्तदाब रोज सकाळी एकाच वेळी, पाच मिनिटे शांत बसून मोजावा आणि वहीत लिहावा.

रामबागकर

तीन आठवड्यांनंतर लिहिते आहे. हा सगळा धागा मी सासऱ्यांना मोठ्या अक्षरांत छापून दिला आणि त्यांनी तो पेन्सिल घेऊन दोनदा वाचला. १.७६ या आकड्याखाली त्यांनी रेघ मारली आहे. डॉक्टरांनी वही पाहून गोळी आहे तशीच ठेवली. ८५ टक्क्यांचे बार दहा-दहा ग्रॅमचे तुकडे करून डब्यात ठेवले आहेत, आणि दुपारी दोन तुकडे घेतल्यावर ते स्वतःच झाकण लावतात. रात्रीचे बंद झाल्यापासून झोप लवकर लागते असे ते सांगतात. पोहे अजून रोज होतात, जिलेबी मात्र आता फक्त रविवारी येते, आणि त्या दिवशी डबा उघडला जात नाही.